दोन तोट्यांचं पाणी

"मग 'असमान' चूक कसं, ते तरी सांगा मास्तर!"

मुकुंद धारासूरकरने अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मठाच्या पायरीवर उभा राहूनच त्याने विचारलं.

रंगनाथ मास्तर मेथी निवडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बरोबर कोण आहे?"

"या सगुणाबाई. सावळदऱ्याच्या. यांनीच तक्रार केलीय."

"तक्रार न्हाई ओ," मागे उभी असलेली बाई म्हणाली. "मी नुसतं इचारलं."

मास्तरांनी तिला बसायला घोंगडी सरकवली. मुकुंदला म्हणाले, "तूही बस. उभ्या माणसाला शब्द सांगता येत नाही."

रंगनाथ मास्तरांनी तालुक्याच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. बायको गेल्यावर ते माळावरच्या या मठात येऊन राहिले. मठ म्हणजे एक समाधी, एक लांब ओसरी, आणि दर गुरुवारी दुपारी येईल त्याला जेवण. ते जेवण मास्तरच रांधायचे.

मुकुंद त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. आता जिल्ह्याच्या कोर्टात भाषांतरकार होता. बावीस वर्षांत त्याच्या एकाही भाषांतराला दुरुस्ती लागली नव्हती. ही गोष्ट लोकांना ठाऊक होती, कारण तो स्वतःच सांगायचा.

"काय झालं, ते सांग," मास्तर म्हणाले.

मुकुंदने सांगितलं.

सावळदऱ्यात पाण्याची टाकी एक. पाणी एक. वेळ एकच. पण तोट्या दोन. एक वरच्या आळीसाठी, ओट्यावर. दुसरी भिंतीच्या पलीकडे, उतारावर, खालच्या आळीसाठी. दर घराला आठ कळश्या, वर आठ, खालीही आठ. खालच्या आळीच्या बायका कोर्टात गेल्या. पंचायत म्हणाली, पाण्याचा एक थेंब कमी देत नाही, मग अन्याय कुठला?

"न्यायाधीशबाईंनी बायकांच्या बाजूने निकाल दिला," मुकुंद म्हणाला. "निकाल इंग्रजीत. त्यात लिहिलं, ही व्यवस्था 'इन्व्हिडियस' आहे, ती बंद करावी."

"आणि तू?"

"मी लिहिलं, 'असमान'. ही असमान व्यवस्था बंद करावी."

मास्तर मेथी निवडत राहिले.

"मग पंचायतीने काय केलं?"

उत्तर सगुणाबाईने दिलं.

"आमच्या तोटीलाबी ओटा बांधला. तशाच फरशा, तेवढ्याच. दोन्हीकडं पाटी लावली, आठ कळश्या. म्हनले, कोर्टानं असमान म्हनलं व्हतं, आता घ्या समान." ती थांबली. "भित हाय तशीच हाय. मी कोर्टात आले, सायबाला म्हनलं, आम्ही जिंकलो म्हनं. मग घागर घेऊन भितीपल्याडच का जायाचं? मॅडमनी खरंच एवढंच लिहिलं व्हतं का?"

"तीन आठवडे झाले," मुकुंद म्हणाला. "वरची तोटी, खालची तोटी, सगळं तंतोतंत सारखं. आणि या म्हणतात, माझा शब्द चुकला."

"तुला काय वाटतं?"

"मी चार कोश पाहिले, मास्तर. एक म्हणतो द्वेषजनक. एक म्हणतो मत्सर उत्पन्न करणारा. ते लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं, मत्सर या बायकाच करतात! दोष यांच्याच माथी गेला असता. तिसरा म्हणतो अन्याय्य. पण थेंबही कमी नाही, मग अन्याय्य म्हटलं तर पंचायतीचा वकील उद्या अपिलात जाईल. म्हणून 'असमान'. स्वच्छ शब्द."

"स्वच्छ आहे खरा," मास्तर म्हणाले. "इतका स्वच्छ, की त्यात माणूसच नाही."

मुकुंदचे कान लाल झाले.

"मग तुम्ही सांगा शब्द."

मास्तर उठले. मेथीची पाटी उचलली.

"आज गुरुवार आहे. जेवून जा."

*

बारा वाजता पंगत बसली. पंधरा-सोळा माणसं असतील. माळावरचे धनगर, खुरपणीहून आलेल्या बाया, रस्त्याच्या कामावरचे दोन मजूर. सगळे ओसरीत ओळीने, जमिनीवर, पत्रावळी मांडून. सगुणाबाई त्यांच्यातच बसली.

मुकुंद ओळीच्या टोकाला बसू लागला, तेव्हा मास्तरांनी त्याचा दंड धरला.

"तू इथे नाही. तू इकडे ये."

ओळीच्या समोर त्यांनी पाट मांडला. पुढे चौरंग. चौरंगावर पितळेचं घासलेलं ताट. ताटाभोवती दोन बोटांनी पिठाची रेघ ओढली.

"अहो मास्तर, हे कशाला..."

"कोर्टातला माणूस आहेस. बस."

मुकुंद बसला. नाही म्हणण्याइतकं त्याला ते वाईट वाटलं नव्हतं.

मास्तर वाढत गेले. प्रत्येकाला दोन भाकरी. एक पळी पिठलं. मेथीची मूठभर भाजी. एक कांदा. मुकुंदलाही दोन भाकरी, एक पळी पिठलं, मूठभर भाजी, एक कांदा. फक्त त्याच्या ताटात वाढताना ते कमरेत वाकले आणि म्हणाले, "सावकाश होऊ द्या, साहेब."

मुकुंद भुकेला होता. पिठलं झणझणीत होतं. त्याने दोन्ही भाकऱ्या संपवल्या, कांदा फोडला, आणि पाणी पिऊन ढेकर दिली.

"सापडला?" मास्तरांनी विचारलं.

"काय?"

"शब्द."

"जेवताना कुठे शब्द सापडतो, मास्तर?"

"तुझ्या ताटात काय होतं?"

"भाकरी, पिठलं, भाजी."

"आणि यांच्या पानात?"

"तेच."

"जास्त? कमी?"

"नाही. अगदी सारखं."

"म्हणजे तुझ्या भाषेत ही पंगत समान झाली."

"...झाली."

"मग आता मान वर कर."

मुकुंदने मान वर केली.

ओसरी गप्प होती. आपण जेवत असताना ती किती गप्प होती, हे त्याला तेव्हा जाणवलं. एका म्हाताऱ्या धनगराने अर्धीच भाकरी खाऊन उरलेली अर्धी दुमडून ठेवली होती. खुरपणीच्या बाया एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोन मजूर तर हात धुवून कधीच बाहेर जाऊन बसले होते.

"दर गुरुवारी इथे एवढा गलबला असतो," मास्तर म्हणाले, "की दोनदा ओरडल्याशिवाय मीठ कुणाला हवं ते कळत नाही. आज कुणी मीठ मागितलं नाही. पिठलं अळणी होतं का रे?"



"मला तर... लागलं चांगलं," मुकुंद पुटपुटला.

"तुला लागणारच. तुला शब्द सापडणार नाही, मुकुंदा. पाटावर बसलेल्याला तो कधी सापडत नाही."

मुकुंदने खाली पाहिलं. ताटाभोवतीची पिठाची रेघ त्याला आता नीट दिसली. त्याने पाटावरून उतरायची धडपड केली, तेव्हा त्याचा गुडघा लागून चौरंग कलंडला आणि ताट खणकन् जमिनीवर पडलं. कुणीतरी फिसकन् हसलं. मग म्हातारा धनगरही हसला.

मास्तर ओळीकडे वळले. त्यांनी हात जोडले.

"माफ करा मंडळी. एका विद्यार्थ्याला शिकवायचं होतं, आणि खर्ची तुमचं जेवण घातलं. पुढच्या गुरुवारी पुरणपोळी करतो."

"करा म्हंजे झालं!" धनगर म्हणाला आणि दुमडलेली भाकरी उलगडून खायला लागला.

मुकुंद चालत सगुणाबाईच्या पानासमोर गेला आणि जमिनीवर बसला. कोर्टाच्या कपड्यांत, मांडी घालून.

"सगुणाबाई," तो म्हणाला. "आत्ता इथे झालं त्याला, आणि तिकडे तुमच्या तोटीवर होतं त्याला, तुमच्याकडे काय म्हणतात?"

ती जराशी लाजली. साहेबाने शब्द विचारला, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"आमचा कसला शबुद, सायेब..."

"सांगा. माझ्या चार कोशांत नाही."

"माझी सासू म्हनायची, येकवेळ उपाशी निजवा, पर पंगतीत परपंच करू नका." ती पत्रावळीच्या काडीशी चाळा करत राहिली. "पानी कमी पडतं म्हनून न्हाई वो आम्ही कोर्टात गेलो. पानी भरपूर हाय. पर ती घागर डोक्यावर घेताना... भितीकडं बघितलं की जिव्हारी लागतं. पानी जड व्हतं."

मुकुंदने खिशातून पेन काढलं.

"पंक्तिप्रपंच," त्याने लिहिलं. मग त्याच्या अलीकडे लिहिलं, "जिव्हारी लागणारा."

त्याने कागद मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी चष्मा पुसला. कागद वाचला. बराच वेळ वाचत राहिले.

"त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात एक जुना लॅटिन शब्द आहे," ते म्हणाले. "बघणं. वाकड्या नजरेनं बघणं. मला वर्गात तो कधी नीट शिकवता आला नाही. तुलना इन्व्हिडियस असते, निवड इन्व्हिडियस असते, अशी वाक्यं द्यायचो फळ्यावर. मुलं पाठ करायची..."

त्यांनी कागद परत दिला.

"आता तुझं अवघड काम राहिलंय."

"कोणतं?"

"बावीस वर्षं."

*

दुसऱ्या दिवशी मुकुंदने अर्ज लिहिला. चार ओळींचा. 'निकालाच्या मराठी प्रतीतील चूक भाषांतरकाराची आहे. ती दुरुस्त करण्याची परवानगी मिळावी.' 'चूक' हा शब्द लिहिताना त्याने पेन दोनदा खाली ठेवलं. 'त्रुटी' लिहावं का, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने 'चूक'च लिहिलं.

कोर्टातल्या कारकुनाने अर्ज वाचला, मुकुंदकडे पाहिलं, पुन्हा अर्जाकडे पाहिलं.

"धारासूरकर साहेब... तुमच्या सहीचा?"

"माझ्याच."

सुनावणी सोमवारी निघाली. सावळदऱ्याहून दोन जीप भरून माणसं आली. एका बाजूला सरपंच आणि त्यांचे वकील. दुसऱ्या बाजूला सगुणाबाई आणि अकरा बायका, डोक्यावर पदर, पायांत धूळ.

न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचून घेतला.

"वाचा तुमचं नवं भाषांतर."

मुकुंद उभा राहिला. बावीस वर्षं तो या कोर्टात दुसऱ्यांचे शब्द वाचत आला होता. आज त्याने कागद दोन्ही हातांनी धरला.

"'पाण्याचे मोजमाप समान असले तरी, एका गावातील माणसांना दोन तोट्यांवर विभागणारी ही व्यवस्था म्हणजे जिव्हारी लागणारा पंक्तिप्रपंच आहे. ती बंद करावी.'"

पंचायतीचे वकील ताडकन उठले.

"मॅडम, हरकत आहे! पंक्तिप्रपंच हा काय कायद्याचा शब्द आहे? हा लग्नकार्यातला शब्द आहे. कोणत्याही विधिकोशात तो नाही. आमच्या अशिलाला त्यातून काही बोध होत नाही."

न्यायाधीशबाईंनी सरपंचांकडे पाहिलं.

"सरपंच, पुढे या. तुम्हाला या शब्दातून बोध होत नाही?"

सरपंच पुढे आले. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, भारदस्त माणूस.

"तसं... म्हणजे वकीलसाहेब म्हणतात ते..."

"मी तुम्हाला विचारते. घरात लग्नं झालीत?"

"चार लेकींची केली, मॅडम." त्यांची मान जरा ताठ झाली. "पंचक्रोशीत नाव आहे आमच्या पंगतीचं."

"एखाद्या पंगतीत समजा तुम्ही सगळ्यांना सारखंच वाढलं. तेच पक्वान्न, तेवढंच. फक्त निम्म्या पाहुण्यांची पानं भिंतीपलीकडे मांडली. तर?"

सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला.

"तर काय होईल, सरपंच?"

"...पाहुणे उठून जातील."

"का? वाढलं तर सारखंच आहे ना?"

सरपंचांनी एकदा वकिलांकडे पाहिलं, एकदा बायकांकडे. सगुणाबाई त्यांच्याकडे सरळ पाहत होती. त्यांनी मान खाली घातली.

"पंगतीचा अपमान असतो तो," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे बोध झाला."

मागच्या बाकावर एक बाई हुंदका देऊन हसली. मग दुसरी हसली. शिपायाने "शांतता" म्हटलं, पण त्याचंही तोंड हसत होतं.

"दुरुस्ती मंजूर," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "भिंत आठ दिवसांत पाडावी. गावात एकच तोटी, एकच रांग. आणि धारासूरकर..."

"मॅडम?"

"हा शब्द मला आधी माहीत असता, तर मी निकालच मराठीत लिहिला असता."

बाहेर व्हरांड्यात बायकांनी मुकुंदला घेरलं. कुणी हात जोडले, कुणी नुसतीच त्याच्याकडे बघत राहिली. सगुणाबाईने कनवटीला बांधलेला गुळाचा खडा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"धरा. तोंड गोड करा."

"शब्द तुमचा होता," मुकुंद म्हणाला.

"माझा कुठला? सासूचा," ती म्हणाली. "म्हातारी असती तर आज नाचली असती."

*

आठव्या दिवशी, सकाळी, भिंत पडली. मुकुंदने रजा काढली होती. तो मुद्दाम गेला होता.

पहिली कुदळ सरपंचांच्या मुलाने मारली. दुसरी कुणी मारली ते कळलं नाही, कारण मग सगळेच धावले. दुपारपर्यंत विटा बाजूला लागल्या. खालची तोटी बुचाने बंद झाली. तिच्या नव्याकोऱ्या ओट्यावर दोन म्हाताऱ्या पाय पसरून बसल्या, आणि तो ओटा बसायला झकास आहे यावर त्यांचं एकमत झालं.

पाणी सुटायची वेळ झाली. रांग लागली. एकच, वाकडीतिकडी, टाकीपासून पार चिंचेपर्यंत. सुरुवातीला कुणी बोलेना. वरच्या आळीच्या बायका पदर सावरत होत्या, खालच्या आळीच्या घागरी घट्ट धरून उभ्या होत्या.

आणि मग भांडण झालं.

"ओ, माजा नंबर हाय!"

"कशाचा तुजा? मी सकाळधरनं उभी हाय!"

"सकाळधरनं? तू तर आत्ता आलीस चिंचेखालून!"

एक वरच्या आळीची, एक खालच्या. दोघींचे हात कमरेवर. मुकुंद घाबरून पुढे झाला, तर सगुणाबाईने त्याला मागे ओढलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती हसत होती.

"भांडू द्या सायेब, भांडू द्या! रांगेतलं भांडन हाय. इतकी वर्सं ह्येच भांडन आमच्या नशिबात नव्हतं!"

सगळी रांग हसायला लागली. भांडणाऱ्या दोघीही हसल्या, आणि पाणी सुटलं.

*

मुकुंद उन्हातून चालत मठात आला. पायरीवर चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि ओसरीवर मास्तरांच्या समोर जमिनीवर बसला.

त्याने सगळं सांगितलं. कोर्ट, सरपंचांची मान, न्यायाधीशबाई, गूळ, कुदळ, चिंच, भांडण. भांडण तर दोनदा सांगितलं, दोन्ही बायकांच्या आवाजात. मास्तर पोट धरून हसले.

माळावरून वारा येत होता.

"मास्तर," मुकुंद म्हणाला, "इतकी वर्षं मी शब्द लावत होतो. आज पहिल्यांदा एक शब्द कळला. आता तो जन्मात विसरायचो नाही."

"हं." मास्तरांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "ऊन फार होतं का रे सावळदऱ्यात?"

"फार. जीव कासावीस झाला. भांडण मिटल्यावर घटाघटा पाणी प्यालो."

"कुणाच्या कळशीतलं?"

मुकुंदने तोंड उघडलं. मग थांबला. आठवायचा प्रयत्न केला. कुणीतरी हात पुढे केला होता, कुणीतरी कळशी वाकवली होती, ओंजळ भरली होती...

"लक्षात नाही, मास्तर."

"नीट आठव. वरच्या आळीची होती, की खालच्या?"

"खरंच लक्षात नाही. बघितलंच नाही मी."

रंगनाथ मास्तर उठले. जाता जाता त्यांनी मुकुंदच्या डोक्यावर हात ठेवला.

"मग आता तो शब्द विसरलास तरी चालेल."